पाडला तरच

आधी मी त्यांना कापलं.
दारव्हा रोडवरच्या माझ्या दुकानात, जाड प्लेटीतून, गॅस कटरनं,
टेकाम सुभेदारांनी आणलेल्या नकाशाभोवती खडू फिरवून:
पाच कोंबड्या, पाच डुकरं, पाच मेंढे
आणि पाच टर्की, जी आमच्या अख्ख्या तालुक्यात
कुणी पाहिलेली नाही.
"लांडोरीवानी कर," सुभेदार म्हणाले,
मग थांबून, "नोको. फॉरेस्टवाले येतीन."

खाली पाय म्हणून पट्टीचा तुकडा जोडला.
ठेवलं की उभं राहावं, धक्का बसला की पडावं,
एवढंच त्यांचं आयुष्य.

बंद पडलेल्या गिट्टी खदानीत मग रविवार सुरू झाले.
मागं काळ्या दगडाची भिंत, वाटेवर लाल झेंडा,
झेंड्यापाशी माझा भाचा, बकऱ्या वळवायला.
जिल्ह्याच्या क्लबातून पेटीत येते पॉइंट टू टू.
गोळ्या मोजून येतात, पुंगळ्या मोजून जातात.
गोळी तुरीच्या दाण्याहून जराशीच मोठी.
मी म्हटलं, टेकायला पोतं तरी द्या.
"इथं उभ्यानंच. डावीकडून उजवीकडं.
नंबर मोडाचा नाही."

पहिल्या रविवारी चाळीस मीटरवरची कोंबडी
माझ्याकडं नुसती पाहत राहिली.
दुर्बिणीतली फुली तिच्यावरून निघायची,
दगडावर जायची, शेजारणीला शिवून यायची.
श्वास कोंडून धरायला जावं
तर अजूनच नाचायची.
मधेच एकदा ठण्ण झालं, तिसरी आडवी. मी हसलो.
"नंबर दुसरीचा होता,"
सुभेदारांनी वहीत शून्य काढलं.

चहा पिताना म्हणाले, "हात हालतेच. माहाबी हालते.
थांबाची वाट पाहशीन तं म्हातारा होशीन उभ्या उभ्या.
फुली जाग्यावरून जाईन तवा बोटाले सांगजो,
मनाले नोको सांगू."

रात्री एका ट्रॉलीचा जोड मारताना
काळ्या काचेआडून पाहिलं:
रॉड थरथरतोच की. वीस वर्षं थरथरतोय.
जोड तरी सरळ बसतो.

चौथ्या रविवारी डुक्कर पडलं.
फट्, केवढासा आवाज,
मग एक पोकळी,
तिच्यात पलीकडं कापूस वेचणाऱ्या बायांचं बोलणंही मावतं,
मग ठण्ण.
आमची तूर उकरणारं खरं डुक्कर आठवायला हवं होतं.
नाही आठवलं.
याच्या मानेपाशी कटर अडकला होता, ते आठवलं.

टर्की सत्त्याहत्तर मीटरवर.
पंच्याहत्तर का नाही, सुभेदारांनाही माहीत नाही.

शंभरवर मेंढे.
पहिल्याच मेंढ्याच्या पाठीवरचा रंग उडाला,
दुर्बिणीतून स्वच्छ दिसला.
मेंढा थोडा फिरला आणि उभाच.
"लागला ना!"
"पाडला तरच."

तेवढ्यात भाच्याची शिट्टी.
बोल्ट उघडा, बंदूक खाली.
वाटेवरून खरी मेंढरं, दीडशे तरी,
मागं सोनबाजी, खांद्यावर काठी.
झेंड्यापाशी थांबला, कपाळावर हात धरून
बराच वेळ पाहिलं.
"कोनं बनवले?"
"मी."
"शिंगं उलटी वळवली गा."
"नकाशात तशीच होती."
"मंग नकाशावाल्यानं मेंढा पाह्यला नसंन,"
म्हणाला आणि गेला.
धूळ बसेपर्यंत आम्ही बोललो नाही.

दोन गोळ्या उरल्या होत्या.
फुली निघाली. दगड. पाठ. पुन्हा दगड.
मी शिंगं पाहत होतो. खरंच उलटी होती.
फट्.
पोकळीत बाया, दूर कुठं एक कोकरू,
मग ठण्ण नाही,
ठक्क,
पायाच्या जोडावर. माझ्याच हातचा जोड,
आवाजावरून ओळखला.

मेंढा डुलला.
सुभेदारांनी पेन उचललं, टेकवलं नाही.
पडला असता तर उभा करायला
मलाच जायचं होतं, शंभर मीटर.
तो अजून डुलत होता.